हँडलच्या वरची रेघ

अकरा मिलिमीटर

"चाळीस मिनिटं," हिंदुराव सुतार म्हणाले. "वर एक मिनिट न्हाई. उन्हात ही माती घाम धरती, मग कडा बसत्यात. साहेबांस्नी सांगा मॅडम, काय बघायचं ते चालत चालत बघा म्हणावं."

"साहेबांना मी सांगू?"

"मग मी सांगू? मला बघितलं की त्यास्नी कॅन्टीनवाला वाटतोय."

एप्रिल होता. गुरुवार, सकाळचे साडेअकरा. स्टुडिओच्या मागच्या अंगणात मातीची गाडी चाकांच्या फळीवर उभी होती. खऱ्या गाडीएवढीच लांबरुंद. आत लोखंडी सांगाडा, त्यावर फोम, त्यावर मेणासारखी तपकिरी माती, आणि सगळ्यावर ताणून बसवलेली चंदेरी फिल्म. दहा पावलांवरून कोणीही खिशात किल्ली शोधली असती.

या गाडीच्या दोन बाजू वेगळ्या होत्या. आमच्याकडे तशीच पद्धत. एकाच सांगाड्यावर दोन गाड्या अर्ध्या-अर्ध्या करायच्या, म्हणजे माती वाचते, वेळ वाचतो. साहेब लोक एका बाजूने चालत जातात, दुसऱ्या बाजूने परत येतात आणि एक बाजू निवडतात. उरलेली खरवडून टाकतात. स्टुडिओत गाडी कायम एकाच जागी, दाराकडे तोंड करून उभी असायची. म्हणून बाजूंची नावंही ठरलेली होती. खिडकीकडची आणि भिंतीकडची.

भिंतीकडची बाजू केदार या डिझायनरची. खिडकीकडची तन्मयची, असं फळ्यावर लिहिलेलं होतं. तन्मय जानेवारीतच नोकरी सोडून परदेशी शिकायला गेला होता. मागे एक अर्धवट चित्र ठेवून. त्या चित्रात मागचं दार नव्हतंच. ते हिंदुरावांनी केलं. पुढच्या चाकावरून निघालेली रेघ त्यांनी मागच्या दारावर उचलली, हँडलच्या चांगली वरून नेली आणि मागच्या दिव्यापाशी सोडून दिली. खोली अकरा मिलिमीटर, कड सुरीसारखी. सकाळी एका बाजूला ऊन आणि एका बाजूला सावली, अशी ती दिसायची.

हिंदुराव कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने, पॅटर्न, करायचे, तिथून इकडे आले. स्टुडिओत सगळे त्यांना मामा म्हणत. जूनच्या तीस तारखेला ते निवृत्त होणार होते. पण आमच्याकडे एक रीत होती. ज्याची बाजू निवडली जाई तो कारागीर डाय, म्हणजे पत्रा दाबायचे पोलादी साचे, तयार होईपर्यंत थांबे, दीड-दोन वर्षं. निवृत्तीची तारीख आली असली तरी. मामांना ते थांबायचं होतं. त्यांनी हे मला एकदाच, सुपारी कातरताना सांगितलं होतं. "एकतीस वर्षं दुसऱ्याच्या रेघा घासल्या. ही एक पत्र्यात उतरल्याली बघायची हाय. मग जातो."

माझं काम मधलं. मी स्टुडिओतली इंजिनिअर. डिझायनर रेघ काढणार, कारखाना म्हणणार होत नाही, आणि ते 'होत नाही' उचलून मी डिझायनरच्या टेबलावर आणून ठेवणार. मला तेव्हा एकतिसावं चालू होतं.

कंपनीचे मोठे साहेब एका बाजूने गेले, दुसऱ्या बाजूने आले. मागच्या दारापाशी थांबले. बोट टेकवलं नाही, नुसतं रेघेवरून हवेत फिरवलं.

"ही बाजू," ते म्हणाले. "ही रेघ कोणाची?"

नाडकर्णी सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते स्टुडिओचे प्रमुख.

"तन्मयची," मी म्हणाले.

मागे मामा फडक्याला हात पुसत होते. साहेब जेवायला निघाल्यावर मी त्यांच्याजवळ गेले.

"मामा, फळ्यावर तेच नाव आहे, म्हणून..."

"असू दे. त्यो बसलाय तिकडं बर्फात. त्येला कुठं ठावं, त्येनं हिथं काय काढलंय ते." आणि ते हसले. एवढे की खालचा पडलेला दात दिसला.

अकरा

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मला सहा दिवसांनी कळली, पण घडली त्याच दुपारी. तुम्हाला आत्ताच सांगते.

मी साहेबांबरोबर जेवायला गेले. मागे अंगणात कोणीतरी म्हणालं, निवडलेल्या बाजूचे फोटो उन्हात काढून घेऊ. ऊन दुसरीकडून होतं, म्हणून गाडी फिरवली. फोटो झाले. तोवर चाळीस मिनिटं भरत आली. सहा जणांनी गाडी होती तशीच, उलटी आत ढकलली. मामांची बाजू भिंतीकडे गेली. केदारची खिडकीकडे आली.

दुपारी आमच्या मोजणीवाल्या सादिकने मशीनने दोन्ही बाजू मोजल्या आणि दोन फाइली केल्या. खिडकी. भिंत. तो जिथं उभा होता तिथून जे दिसत होतं तेच नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना उजेड हवा होता. गाडी पुन्हा सुलटी झाली. एका दुपारपुरतीच ती उलटी होती.

आणि त्याच दुपारी मी माझ्या टेबलावरून 'खिडकी' ही फाइल चाकणला, प्रेस शॉपला पाठवली. उघडून बघितली नाही. रोज बघायचे.

सात

सोमवारी प्रेस शॉपचा रिपोर्ट आला, पत्रा दाबला तर काय होईल ते संगणकावर तपासून केलेला.

दाराचा बाहेरचा पत्रा चार प्रेसमधून जातो. पहिला त्याला खोल दाबतो, दुसरा कापतो, तिसरा कडा मुडपतो, चौथा राहिलेलं नीट करतो. पाचवा प्रेस त्या रांगेत नाही. पाचवं काम निघालं तर पत्रा उचलून दुसऱ्या शेडमध्ये न्यायचा, आणि मग ती गाडी त्या किमतीत विकता येत नाही. रिपोर्टच्या पहिल्या पानावर हेच होतं. मागच्या दारावर, हँडलपाशी पत्रा फाटतो. पाचवा प्रेस घ्या, नाहीतर रेघ उथळ करा, कड बोथट करा.

मी पहिलं पान घेऊन मामांकडे गेले.

"फाटतोय? कुठं?"

"हँडलपाशी."

मामांनी हँडलच्या खळग्यावर तळवा ठेवला. हँडल जुन्या गाडीचं होतं. नवीन हँडल म्हणजे नवा साचा, नवं कुलूप, नव्या चाचण्या. त्यामुळे ते कुठे बसणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. मामांनी त्यांची रेघ मुद्दाम त्याच्यापासून लांब ठेवली होती.

"मी तर वरनं न्हेली की," ते म्हणाले. "जिथं खड्डा तिथं कड न्यायची न्हाई. ओतकामात बी तिथंच तडकतंय. एवढं तर मला कळतंय."

"रिपोर्ट आहे, मामा."

"रिपोर्ट हाय तर हाय."

त्यांनी खरवडणी घेतली. जुन्या करवतीच्या पात्याची, स्वतः घासून केलेली. अकराचे सात करायला त्यांना संध्याकाळ झाली. मी शेजारी उभी होते. माती वळ्या-वळ्यांनी खाली पडत होती.

साडेपाच

मंगळवारी खर्चाची बैठक. लांब टेबल, बारा माणसं, मी तेरावी.

त्या बैठकीत गाडी कशी कमी होते हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. मागचा दिवा डिकीच्या झाकणावर वळणार होता. मग दिव्याचे दोन तुकडे, दोन साचे. दिवा झाकणापाशीच संपवला. चाक एक इंच लहान केलं. तशी चाकावरची कमान रिकामी दिसायला लागली, मोठ्या भावाची पँट घातल्यासारखी. दाराची काच आतून छान गोल हवी होती. पण काच दारात खाली उतरायची असते, तिचा गोल आणि दाराची जाडी जुळावी लागते, आणि दाराचा आतला पत्राही जुनाच वापरायचा होता. काच सपाट झाली.

"रेघ राहिली ना?" नाडकर्णी सर म्हणाले. "सात आहे ना? मग पुरे."

प्रेस शॉपचे पाहुणे म्हणाले, "सातलाही आम्ही खात्री देत नाही. साडेपाच करा."

"वृंदा?"

"करता येईल," मी म्हणाले.

ती गाडी तुम्ही पाहिली असेल. पुढे ती पुष्कळ खपली. पाहून लक्षात राहिली नसेल.

साडेपाच, अजून

बुधवारी सकाळी मला शुक्रवारच्या बैठकीसाठी एक चित्र हवं होतं. शुक्रवारी गाडी गोठवायची होती. म्हणजे त्यानंतर मिलिमीटरही हलवायचा नाही. मी रिपोर्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत उघडला. चौदाव्या पानावर मागचं दार होतं. हिरवं, आणि हँडलच्या खळग्यापाशी, जिथे फाटतं तिथे, लालभडक. रेघ खळग्याच्या मधून जात होती.

मधून.

मामांची रेघ वरून जाते. मधून जाते ती केदारची.

मी सादिककडे गेले. तो डबा उघडत होता.

"सादिक, गुरुवारी गाडी कशी उभी होती?"

"गुरुवारी? उलटी की मॅडम. फोटोला फिरवली होती ना. का हो?"

"फाइलीचं नाव तू कसं दिलंस?"

"खिडकीकडची खिडकी, भिंतीकडची भिंत." त्याने घास थांबवला. "काही चुकलं का?"

"नाही. जेव तू."

मी टेबलावर परत आले. रिपोर्ट बंद केला. मला काय वाटलं असं कोणी विचारलं, तर मी बरेचदा आठवून पाहिलंय. काही वाटलं नाही. कानात कापूस घातल्यासारखं झालं, एवढंच. बारा वाजता चहा आला, तो मी प्याले. त्यात साखर नव्हती की जास्त होती, ते आठवत नाही.

प्रेस शॉपच्या नव्या निरोपाप्रमाणे त्या दुपारी रेघेचे साडेपाच मिलिमीटरचे चार करायचे होते. तो कागद मी केदारच्या हातून पाठवला.

चार

गुरुवारी मी चाकणला फोन केला. तिथे खिलारे होते, तो रिपोर्ट त्यांनीच केलेला.

"खिलारे साहेब, सहज विचारते. रेघ हँडलमधून न जाता वरून गेली तर? पंचवीस-तीस मिलिमीटर वरून?"

"मग काय अडचण? निघेल."

"खोली अकरा असली तरी?"

"अकरा? अकराला पत्रा जरा ओरडेल. पण निघेल, चार प्रेसमध्ये निघेल. कडेला तेवढा एखादा ओरखडा येतो का बघावं लागेल, त्याला उपाय आहेत. का हो, कुठली गाडी?"

"नाही, सहज."

"सहज विचारणारी माणसं आमच्याकडे फोन करत नाहीत," ते हसले. "पाठवा फाइल, चार दिवसांत सांगतो."

चार दिवस. आणि उद्या शुक्रवार.

सांगायचं ठरवलं होतं, हे खोटं नाही. शुक्रवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये, कोथरूडपासून चिंचवडपर्यंत, मी ते वाक्य तयार केलं.

सर, मागच्या गुरुवारी माझ्याकडून न बघता चुकीच्या बाजूची फाइल गेली, त्यामुळे मामांची रेघ आपण विनाकारण कापली, ती परत भरायला आपल्याला एक आठवडा लागेल.

विनाकारण नको. आणि मामांची कशी म्हणणार, फळ्यावर तन्मयची आहे.

सर, मागच्या गुरुवारी माझ्याकडून चुकीच्या बाजूची फाइल गेली, आपल्याला एक आठवडा लागेल.

आठवडा नको. आठवडा ऐकला की बाकीचं ऐकत नाहीत.

सर, माझ्याकडून चुकीची फाइल गेली.

माझ्याकडून?

सर, चुकीची फाइल गेली.

सर, फाइल.

सर.

बस थांबली. गेटवर कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला, मी आत गेले.

चार, शुक्रवार

गाडीभोवती पाच माणसं. नाडकर्णी सर, केदार, खर्चाच्या विभागाचे एक जण, मी. आणि मामा, हातात फडकं घेऊन, खिडकीकडच्या बाजूला, मागच्या दाराशी. मी डिकीपाशी उभी होते.

सर चालत गेले, फिरून आले, पुन्हा गेले. मग उकिडवे बसले आणि दाराकडे तिरपं पाहिलं.

"गेलं हो हे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "साहेबांनी जे निवडलं ते कुठे आहे यात?"

खर्चाच्या माणसाने घड्याळ पाहिलं.

"वृंदा, प्रेस शॉपला अजून एकदा विचारून बघायचं का? एखादा मार्ग असेल तर मी वर जाऊन आठवडा मागून घेतो. माझी काही मान कापत नाहीत. तू सांग. रिपोर्ट तू वाचलायस."

मामा माझ्याकडे बघत होते. मला त्यांची नजर आठवते, पण तिच्यात काय होतं ते नाही. पंख्याचा आवाज येत होता. केदारने पेनाचं टोपण उघडलं, लावलं.

"नको सर," मी म्हणाले. "वेळ जाईल. त्यातून निघणार काही नाही."

"नक्की?"

"हो."

सर गुडघ्यावर हात देऊन उठले. भिंतीकडच्या बाजूला गेले. केदारची रेघही रिपोर्टप्रमाणे उथळ करता येणार होती, ते त्यांना माहीत होतं. इकडे आले. पुन्हा तिकडे.

"मग आता या दोन्हींत फरक काय उरला? केदारची बाजू नीट घासून तयार आहे, काम कमी पडेल. तीच घ्या. तीच उलटी करून इकडे कोरा." मग त्यांना आठवलं. "साहेबांना मी सांगतो. त्यांना आता तसाही फरक दिसायचा नाही."

खर्चाच्या माणसाने कागद पुढे केला. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी चौथी.

"मामा," सर म्हणाले, "तुमचं काम फार छान झालं होतं हं."

"व्हय साहेब," मामा म्हणाले.

केदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वृंदाताई, माझी लागली! मला वाटलंच नव्हतं."

"अभिनंदन," मी म्हणाले.

मोजलं नाही

त्याच महिन्यात माझं बढतीचं पत्र आलं, विभागप्रमुख म्हणून. त्या जागेवरची मी पहिली बाई. घरी पेढे आणले. आईने देवापुढे ठेवले. मी एक खाल्ला.

केदारच्या बाजूसाठी वेगळा कारागीर होता, तो थांबणार होता. मामांची तारीख जूनची तीस, ती तशीच राहिली. त्याआधी एका मंगळवारी त्यांना खिडकीकडची बाजू उतरवायला सांगितलं. सांगाड्यापर्यंत. मग मशीन तिथं केदारची बाजू उलटी कोरणार होतं.

तेव्हा मी गेले. तोपर्यंत खरंच गेले नव्हते.

मामा स्टुलावर बसून पुढच्या दारापासून माती सोलत होते. मागच्या दारापर्यंत अजून आले नव्हते. स्टुडिओत दुसरं कोणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते.

"या," ते म्हणाले. "साहेब झालात म्हणं."

"मामा."

"बोला की."

"फाइल चुकीची गेली होती. गाडी उलटी होती त्या दिवशीची. केदारची बाजू गेली प्रेस शॉपला. तुमची रेघ फाटत नव्हती. निघाली असती."

एका दमात बोलून झालं. बसमध्ये जेवढं लांब वाटलं होतं तेवढं ते लांब नव्हतं.

मामांचा हात थांबला नाही. मातीची एक लांब वळी खाली आली, ती त्यांनी उचलून बाजूला ठेवली.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"सादिकने सांगितलं?"

"न्हाई. त्येला काय कळतंय? त्येनं बिचाऱ्यानं डबा खाल्ला." मग पुढची वळी सोडवत म्हणाले, "सोमवारी तुम्ही हिथं हुब्या हुता. संध्याकाळपतोर. बुधवारपास्नं तुम्ही ह्या बाजूला आलाच न्हाई. कागद त्या केदारच्या हातनं. शुक्रवारी बी तिकडं डिकीपाशी. त्येच्या आदी गुरुवारीच मी चालत पलीकडं जाऊन बघितलं हुतं. त्येची रेघ हँडलातनं जातीया. म्हणलं, असं हाय व्हय."

"म्हणजे शुक्रवारी तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"सरांनी विचारलं तेव्हाही?"

"व्हय की."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

त्यांनी पहिल्यांदा खरवडणी खाली ठेवली. हात पुसले नाहीत.

"बोलायचं तुमच्याकडं हुतं, मॅडम. मी वाट बघितली शुक्रवारपतोर."

"आणि मग?"

"मग काय," हिंदुराव म्हणाले. "शनिवार उजाडला."